पाट्या नसलेलं बेळगाव

आमच्या बेळगावात एकाही दुकानावर पाटी नव्हती. किल्ला होता, खंदकात पाणी होतं, रेल्वे फाटक होतं, बाजारातल्या अरुंद गल्ल्या होत्या. मिठाईच्या दुकानापुढे कुंद्याच्या रंगाचे तपकिरी ठोकळे रचलेले असायचे, त्यावरून ते मिठाईचं दुकान समजायचं. औषधाच्या दुकानावर हिरवा चौकोन. बाकी सगळं ज्याचं त्यानं ओळखून घ्यायचं.

हे बेळगाव एका ऑनलाइन खेळातलं. ठोकळ्यावर ठोकळा ठेवून घरं, रस्ते, डोंगर बांधायचे, असा तो खेळ. एका सर्व्हरवर सगळ्यांनी जमायचं आणि मिळून बांधायचं. लॉकडाउनमध्ये कॉलेज बंद होऊन आम्ही सगळे घरी बसलो होतो, तेव्हा हिंडलग्याच्या एका मुलानं हा सर्व्हर सुरू केला आणि आपलं शहर बांधूया म्हणाला. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, कुठकुठली मुलं येऊन मिळाली. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली. जाताना त्यानं सर्व्हरच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या, म्हणजे कुणाला आत घ्यायचं, कुणाला काढायचं, काय मोडायचं हे सगळे अधिकार. मलाच का, असं मी विचारलं. तू कुणाशी भांडत नाहीस, एवढंच त्यानं इंग्रजीत लिहिलं.

मी भांडत नव्हते, कारण मी बोलतच नव्हते. आमचं घर वडगावात. खाली यंत्रमाग, वर आम्ही. माइक सुरू केला तर पलीकडच्याला फक्त मागांची खटखट ऐकू गेली असती. बाकीचे खेळताना आपसात बोलायचे, मी टाइप करायचे, तेही इंग्रजीत, कारण शाळेनं मला लिहायला तेवढंच नीट शिकवलं होतं. इंग्रजी लिहिण्यावरून मी बाई की पुरुष, मराठी की कानडी, काहीच कळायचं नाही. मी स्वतःहून सांगितलं नाही. लाजाळू माणसाला अशी जागा फार सोयीची असते. किल्ल्या आल्यावर सगळे मला अण्णा म्हणायला लागले. इकडचे मराठीही आणि तिकडचे कानडीही.

पाटीची गोष्ट त्यानंतर लगेच झाली. कुणीतरी महापालिकेची इमारत बांधली, फार देखणी. दुसऱ्यानं तिच्यावर मराठीत पाटी लावली. दुपारपर्यंत ती फोडून तिथं कानडी पाटी आली. संध्याकाळी कुणीतरी इमारतीवर तापलेला लाव्हा ओतला. खेळणाऱ्यांच्या चॅटच्या गटात एकमेकांच्या आईबापांपर्यंत विषय गेला. पाटीवरून आमच्या भागात काय काय होऊ शकतं, हे मला ठाऊक होतं. येळ्ळूरची मराठी पाटी पाडली तेव्हाच्या लाठीमाराबद्दल घरातली मोठी माणसं आवाज खाली करून बोलायची, ते मी लहानपणी ऐकलेलं आहे. मी घाबरले आणि नियम केला: गावात पाटीच नाही. कुठल्याही भाषेत नाही. इंग्रजी पाट्या चालतील का, असं एकानं विचारलं. दोन्ही बाजूंनी नको म्हटलं. दोन्ही बाजूंचं एकाच वेळी एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

नियमाचं सगळ्यांनी कौतुक केलं. अण्णांनी प्रश्न मिटवला, असं दोन्हीकडचे लिहीत होते. आपण काय करून बसलो ते मला पुढच्या काही महिन्यांत कळत गेलं.

पाट्या नसलेल्या गावात नवा माणूस हरवतो. तो मलाच विचारायचा. अण्णा, स्टँड कुठं आहे. अण्णा, किल्ल्याकडून फाटकाकडे कसं जायचं. मी सकाळी वडगावहून उद्यमबागेला बसनं जाताना उत्तरं देत असायचे. उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात मी कोटेशनं तयार करते. जेवायच्या सुट्टीत डबा उघडून ठेवायचा आणि फोनवर पाट्या शोधायच्या, कारण लोक पाट्या लावायचे थांबले नव्हते. त्या लपवून लावायला लागले होते. विहिरीच्या तळाशी, पलंगाखाली, देवळाच्या शिखराच्या आत. मी त्या काढायच्या आणि गटात कळवायचं की अमुक ठिकाणची पाटी काढली. मग तक्रार: आमचीच काढली, त्यांची का नाही?

म्हणून मी एक रीत पाडून घेतली. एका भाषेतली पाटी काढली की त्याच दिवशी दुसऱ्या भाषेतली एक काढायची, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहत नाही. कधीकधी दुसरी सापडायची नाही. अख्खं गाव पालथं घालूनही सापडायची नाही. तेव्हा मी स्वतःच एखाद्या भिंतीमागे ती लावायचे आणि काढायचे, आणि दोन्ही काढल्या म्हणून कळवायचे. आता लिहिताना हे वेडेपणाचं वाटतं. तेव्हा ते मला कामाचाच भाग वाटत होतं, डबा धुण्यासारखं. मराठी पाटी मला चटकन लिहिता यायची. कानडी पाटीसाठी आईकडून शिकलेली अक्षरं आठवत बसावं लागायचं. आई रबकवीची. बहिणींशी फोनवर ती कानडीत बोलते, आमच्याशी मराठीत, आणि रागावली की दोन्हीत.

मला हे सोडायचं होतं. सोडायचं आहे हे मला निपाणीत कळलं, आत्याच्या मुलीच्या लग्नात.

ती माझ्या बरोबरीची. लहानपणी मे महिन्यात मी निपाणीला गेले की आम्ही दोघी एकाच ताटात जेवायचो. लग्नाला मी नवी साडी नेसले होते, आमच्याच मागावरची. फोन पर्समध्ये ठेवायचा असं ठरवूनच गेले होते. हॉलमध्ये वऱ्हाडी बसत होते तेव्हा पर्स थरथरायला लागली आणि थांबेना. कुणीतरी किल्ल्याच्या तटावर ठोकळ्यांचीच अक्षरं रचली होती, एकेक अक्षर घराएवढं. ही पाटी नाही, भिंत आहे, भिंतीला नियम कसा लागू होईल, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या बाजूचे समोरच्या टेकडीवर तशीच अक्षरं रचायला जमले होते. मी मागच्या दारानं बाहेर पडले आणि जेवणघराच्या पायरीवर बसून अक्षरं मोडायला लागले. फोनवर ते काम फार हळू होतं. एकेक ठोकळा बोटानं दाबून धरावा लागतो.

आत्या शोधत आली.

“हितं काय करायलीस गं?”

“आलेच आत्या.”

“मघापास्नं आलेच आलेच चाललंय. अक्षता पडल्या बी. भैनीचं लगीन काय पायरीवर बसून बघणार व्हय?”

“पडल्या?”

“मग काय तुझ्यासाठी भटजी थांबतोय?” ती माझ्या शेजारी बसली. गुडघे दुखतात म्हणून बसताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला, आणि तेवढ्यात फोनमध्ये डोकावून घेतलं. “कोण हाय त्यो?”

“कोण नाही.”

“न्हाय कसं? अंगठा बघ की कसा चाललाय. आमची धाकटी सून लग्नाआधी अशीच टायपायची. आपल्यातला हाय का?”

“आत्या, तसं काही नाही. मी एक गाव सांभाळते. फोनवर.”

“गाव?” तिनं माझ्याकडं नीट बघितलं. “सरपंच झालीस व्हय? पगार किती?”

“पगार नाही.”

“मग सोड की.”

“सोडता येत नाही.”

आत्यानं मागं वळून कुणी नाही ना ते बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, “सोडता येईना म्हंजे त्यो लगीन झालेला हाय. मला कळतंय गं ह्ये. आईला सांगू नगो, बापाला तर न्हाईच न्हाई. गप सोड.”

मी हसले. तीही हसली, पण तिचं हसू खरं नव्हतं. हॉलमध्ये गेले तेव्हा फोटो काढून झाले होते. जाताना नवरी मला भेटली. रडून तिचं काजळ खाली उतरलं होतं. “तू कुठं होतीस?” तिनं विचारलं. रागानं नाही, खरंच कळत नसल्यासारखं. मी काहीतरी सांगितलं. ती गाडीत बसली. तटावरची अक्षरं मी मोडली होती आणि टेकडीवरचीही. सर्व्हरवर शांतता होती. अण्णा वेळेवर आले म्हणून दोन्ही बाजूंनी आभार मानले होते.

परतीच्या बसमध्ये संकेश्वर मागे पडेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. आईनं विचारलं, डोकं दुखतंय का. मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात मी माझ्या दोघा मदतनिसांना लिहिलं. एक निपाणीचा, कॉलेजात शिकणारा. दुसरा गोकाकचा, वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसणारा. दोघेही मनापासून काम करायचे आणि एकमेकांशी बरे वागायचे. गटात सगळ्यांसाठी इंग्रजीच होतं, पण मला एकटीला लिहिताना निपाणीचा मराठीत लिहायचा आणि गोकाकचा कानडीत, इंग्रजी अक्षरांत. मला दोन्ही समजतं, म्हणून मी दोघांनाही कधी थांबवलं नाही. आपला अण्णा आपल्यातलाच, असं दोघेही त्यावरून समजत असणार.

मी थकले आहे, किल्ल्या तुम्हा दोघांकडे देऊन जाते, असं मी लिहिलं.

निपाणीच्यानं लगेच उत्तर दिलं. “अण्णा, बिनधास्त जावा. पण किल्ल्या त्याच्याकडं देऊ नका. पोरगा चांगला आहे, माझा मित्र आहे. पण शेवटी तिकडचा.”

गोकाकच्याचं उत्तर दुपारी आलं. दुकानात गर्दी असणार. अण्णा, विश्रांती घ्या, असं सुरू करून त्यानं लिहिलं होतं की निपाणीवाला मनानं साफ आहे, आपण त्याच्या घरी जेवलोही आहोत, पण शेवटी तो त्यांचाच, एवढं ध्यानात ठेवा.

मी दोघांना सारखंच लिहिलं: मग तुम्हीच सांगा, कोण चालेल?

दोघांची उत्तरंही सारखीच आली. अण्णा, तुम्हीच. थोडे दिवस सुट्टी घ्या. गावातलं बाकी सगळं आम्ही बघतो. फक्त पाट्यांचं तेवढं तुम्ही बघत जा.

मी पुढे काही आठवडे तसंच केलं. सुट्टीवर होते आणि पाट्या काढत होते. मनगट दुखायला लागलं म्हणून डाव्या हातानं काढत होते. ऑफिसात कोटेशनात चूक झाली, साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, लक्ष कुठं असतं. घरी आई काही बोलायला आली की मी मान हलवायचे आणि ती काय म्हणाली ते नंतर आठवायचं नाही. तिनं बोलणं कमी केलं. पोरीच्या मनात काहीतरी आहे, असं आत्यानं तिला सांगितलेलं असणारच. जेवताना ती माझ्या फोनकडे अशी बघायची की मला तो ताटाखाली लपवावासा वाटायचा. खरं सांगितलं असतं तर आईनं हसून सोडून दिलं असतं. पण एवढ्या मोठ्या पोरीनं खेळातल्या पाट्या काढण्यापायी बहिणीच्या अक्षता चुकवल्या, हे सांगण्यापेक्षा मला लग्न झालेला कुणीतरी असलेला बरा वाटला.

मी माणसांवर रागवायला लागले होते, हे मला सगळ्यात वाईट वाटलं. नव्यानं आलेली मुलगी असेल, मुलगा असेल, रस्ता विचारायचा, आणि मला वाटायचं याला घालवून द्यावं. ज्या गावासाठी मी हे करत होते, त्या गावात मी किती दिवसांत एक ठोकळाही ठेवला नव्हता. माझं तिथं एक घर होतं. फाटकाजवळ, वर गच्ची, गच्चीवर तुळस. तिकडे मी जायचेच नाही.

शेवटी एका रविवारी सकाळी, आई बाजारात गेली असताना, मी दोघांनाही किल्ल्या दिल्या, दोघांना सारख्या. गटात लिहिलं की मी जाते आहे, आणि बाहेर पडले. निरोपाचं मोठं काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर लोकांनी थांबवलं असतं, आणि मी थांबले असते.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. सुट्टीत मी डबा डब्याकडे बघून खाल्ला. शेजारच्या टेबलावरची बाई रोज जवसाची चटणी आणते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बसमध्ये अंगठा आपोआप हलायचा. मी तो मुठीत धरून बसायचे. पण रात्री झोप लागायला लागली. आईनं एकदा विचारलं, “बरं वाटतंय का आता?” मी हो म्हटलं. तिनं पुढं काही विचारलं नाही. तुटलं ते बरं झालं, असंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

मग दोन आमंत्रणं आली.

खेळातल्या जगाची प्रत काढता येते. किल्ली असलेल्या कुणालाही ते अख्खं जग, शेवटच्या ठोकळ्यासकट, उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतं. मी किल्ल्या दोघांना दिल्या होत्या. निपाणीच्यानं एक प्रत नेली होती, गोकाकच्यानं एक. आधी कुणी नेली यावर त्यांच्यात वाद होता. मूळ सर्व्हर तसाच ओस पडला होता. आता दोन बेळगावं होती, आणि दोघांनीही मला लिहिलं होतं, अण्णा, एकदा येऊन बघा तरी.

मी बघायला गेले. आधी निपाणीच्याकडे. गाव तेच, पण पाट्यांनी भरलेलं. दुकानांवर, खांबांवर, पुलावर, देवळावर, झाडांवरसुद्धा. चिंचेच्या झाडावर चिंच असं लिहिलं होतं. सगळं मराठीत. इतके दिवस दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आल्यासारखं. मी फाटकाकडे गेले. माझ्या घरावरही पाटी होती: अण्णांचं घर.

मग गोकाकच्याकडे. तेच गाव, तेच खांब, तीच झाडं, तेवढ्याच पाट्या, कानडीत. मी सावकाश वाचत वाचत गेले. तिथंही फाटकाजवळ माझं घर होतं, तीच गच्ची, तीच तुळस, आणि दारावर, अण्णन मने. अण्णांचं घर.

मी तिथं उभी होते तेव्हा गोकाकच्याला मी आल्याचं दिसलं. त्याला फार आनंद झाला. मग त्यानं अडचण सांगितली. पाट्या कुणी लिहायच्या यावरून आता धारवाडकडच्या आणि गोकाककडच्या मुलांत लागलं होतं. एकमेकांच्या पाट्या फोडतात. तुमचं ऐकतील अण्णा, फक्त सुरुवातीला घडी बसवून द्या. निपाणीच्याचा निरोप आधीच येऊन पडला होता. त्याच्याकडे बेळगावची मुलं आणि निपाणीची मुलं, शहर कुणाचं यावरून. तुम्ही एक शब्द टाकला तर मिटेल, अण्णा.

मी तो फोन बराच वेळ हातात धरून बसले होते. खाली माग चालू होते, बाबा कुणाला तरी मोठ्यानं हाक मारत होते. हो म्हणणं किती सोपं होतं, हे सांगता येणार नाही. लोकांना माझी गरज होती, आणि खऱ्या आयुष्यात तसं मला कुणी फारसं म्हणत नाही. दोन्हीकडे रोज थोडा वेळ दिला असता तर भागलंही असतं. मी मनात वेळ वाटायलाही लागले होते, सकाळची बस एकाला, जेवायची सुट्टी दुसऱ्याला. मग मला आपण काय करतो आहोत ते दिसलं.

दोघांना मी तेच वाक्य पाठवलं. मी येणार नाही, कुठल्याच सर्व्हरवर नाही, आता नाही आणि नंतरही नाही.

निपाणीच्यानं विचारलं, “त्याच्याकडं जाणार म्हणून न्हवं?” मी नाही म्हटलं. त्याला ते पटलं नाही. “तुम्हाला त्याच्या गावात बघितलंय अण्णा, आज सकाळी. आमच्याकडं जरा वेळ आलात, तिकडं बराच वेळ थांबलात. आम्हाला आधीपास्नं वाटतच होतं. आमच्याच पाट्या जास्त निघायच्या.”

मी तिकडं बराच वेळ थांबले, कारण मला कानडी हळू वाचता येतं.

गोकाकच्याचं उत्तर तुटक होतं, त्याच्या स्वभावाला न शोभणारं. ठीक आहे. तुम्ही त्यांचे होतात हे निदान आधी सांगायचं होतं.

एक ओळ लिहिली असती तरी पुरलं असतं. मी कोण, कुठली, आई कुठली, बाप कुठला, आणि तिथं का थांबले. ती ओळ मी लिहायला घेतलीही होती. पण तिला उत्तर आलं असतं, त्या उत्तराला मी उत्तर दिलं असतं, आणि समजूत काढता काढता मी पुन्हा त्यांच्या गावात जाऊन उभी राहिले असते. मी लिहिलेलं पुसलं. फोनमधून खेळही काढून टाकला, गटही.

ते दोघे मला काय समजतात ते मला माहीत आहे. एकाच्या लेखी मी तिकडची, दुसऱ्याच्या लेखी इकडची, आणि दोघांच्याही लेखी पुरुष. बसमध्ये बसलं की ती ओळ मनात आपोआप जुळायला लागते, कधी मराठीत, कधी कानडीत, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा चांगली जुळते. उद्यमबाग येते, मी उतरते, आणि ती तशीच राहते.